पहिला बसायचा मान

अधिक महिना आला की जावयाला काय द्यायचं यावर आमच्या नावडे गावात घरोघरी खल चालतो. कोणी चांदीचं निरांजन देतो, कोणी अंगठी, काहीच जमलं नाही तर अनारसे आणि शर्ट-पँटचं कापड. आमच्या बाबांनी त्या वर्षी दाजींना अर्धी रेसिंग कार दिली. उरलेली अर्धी माझी होती, म्हणून तर हे सगळं माझ्या डोक्यात गेलं.

अर्धी म्हणजे कापून नाही. देशात जीटी रेसिंगचा सीझन होतो, त्यात ह्या गाड्या पळतात. बंद टपाच्या, रुंद, रस्त्याला पोट घासेल इतक्या खाली. एका गाडीला दोन ड्रायव्हर. तासाभराच्या रेसमध्ये अर्ध्यावर गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या थांब्यात, येते, पहिला उतरतो, दुसरा बसतो आणि शेवटच्या झेंड्यापर्यंत तो नेतो. उतरणाऱ्यानं बसणाऱ्याचे पट्टे आवळून द्यायचे, कारण हेल्मेट घालून त्या खोबणीत बसलं की स्वतःचा हात स्वतःच्या खांद्यापर्यंत पोचत नाही.

मी कॉलेजात असल्यापासून गो-कार्ट चालवत आलो. मग छोट्या गाड्यांच्या रेस, मग लायसन्स, मग ह्या मोठ्या गाड्यांत जागा. हे सगळं बाबांच्या जोरावर, ते मी नाकारत नाही. बाबांना वेगाचं वेड बैलांपासून. आमची जमीन तळोज्याच्या एमआयडीसीत गेली, मागून बैल गेले, शर्यतीचा छकडा गेला. आता बिल्डिंगी आहेत, ट्रेलर उभे करायचं यार्ड आहे, पण बाबांच्या हाताला अजून कासरा लागतो. मी गाडी हाणणार म्हटल्यावर त्यांनी एका शब्दानं मोडता घातला नाही. कोइम्बतूरच्या एका टीमकडे माझ्यासाठी आणि माझ्या सानपाड्याच्या मित्रासाठी अशा दोन जागा घेतल्या. मित्राला दुबईची नोकरी लागली आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच तो गेला. एक जागा रिकामी पडली.

माझ्या मनात दोन-तीन पोरं होती. मी फोन करायच्या बेतात होतो. तेवढ्यात जावयाचं जेवण आलं.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. सांगलीकडचे, खारघरला टॉवरमध्ये फ्लॅट, कंपनीत इंजिनियर, बोलणं हळू आणि शुद्ध. आम्ही घरात 'हाय'-'नाय' करणार आणि हे 'आहे', 'नाही', 'बरं का' करणार. त्या दिवशी त्यांना पाटावर बसवलं होतं, ताई शेजारी, आई पुरणाचे धोंडे वाढत होती आणि मी मागे तुपाची वाटी घेऊन उभा. बाबा आतून ताट घेऊन आले. ताटात निरांजन होतंच, शेजारी नवं कोरं हेल्मेट. आईनं त्या हेल्मेटला हळदकुंकू लावलं. बाबा म्हणाले, जावईबापूंनी कॉलेजात रेस केलेली हाय, आता मेव्हण्यासोबत करतील.

कॉलेजात त्यांनी दोन वर्षं फॉर्म्युलाच्या छोट्या गाड्या चालवल्या होत्या हे मला माहीत होतं. लग्न ठरताना मुलाकडचे असं काहीबाही सांगतातच, म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. दाजी लाजले, बाबांना 'मामा, कशाला' म्हणाले, पण हेल्मेटवरचा हात काही काढला नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते घोडं आमच्याकडे पाटावर बसून तूप मागत होतं. मी वाढलं. हात जरा सैल पडला, त्यांच्या धोंड्यावर तुपाचं तळं झालं.

ट्रॅकवर पहिल्यांदा सरावाला गेलो तेव्हा दाजी एका फेरीत माझ्यापेक्षा सेकंदाहून जास्त फास्ट निघाले. पहिल्याच दिवशी. मी किती वर्षं घासतोय, आणि हा माणूस सोमवार ते शुक्रवार ऑफिसात बसून शनिवारी येतो आणि मला मागे टाकतो. बाहेरच्या माणसाला सेकंद म्हणजे काहीच वाटत नाही. ट्रॅकवर सेकंद म्हणजे तुम्ही एका वळणावर असता तेव्हा समोरचा पुढच्या वळणाला निघून गेलेला असतो. मी जळलो. साधं नाही, अंगाचा तिळपापड झाला. रात्री जेवण गेलं नाही, आणि दाजी समोर बसून रस्सम-भात ओरपत मलाच विचारत होते, तिसऱ्या वळणावर तू गिअर कधी टाकतोस रे?

मग कोणी आधी बसायचं हा प्रश्न आला. टीमच्या इंजिनियरचं म्हणणं सरळ होतं. जो फास्ट आहे त्याला शेवटी ठेवा, तो मागून येऊन जागा मिळवेल. टीमचा मालकही मान डोलवत होता. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते, हिंदी त्यांना कळतं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "जावय पयला बसंल."

मालकानं माझ्याकडे बघितलं. मी हिंदीत सांगितलं की आमच्यात जावयाला पहिला मान असतो. तो हसला आणि म्हणाला, ठीक आहे. खर्च आमचा होता, तो आणखी काय म्हणणार? दाजींनी तोंड उघडलं होतं, पण परत मिटलं. सासरच्या घरात जावयानं मागायचं नसतं, दिलेलं घ्यायचं असतं, हे त्यांना चांगलं शिकवलेलं होतं. मला मात्र तिथेच झोंबलं. हळदीला पहिल्या पंगतीत जावई, बॅनरवर पहिला फोटो जावयाचा आणि आता माझ्या गाडीतही पहिला जावईच. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आमच्याकडे तो पहिल्या घरात येऊन बसला होता.

त्या सीझनला नुसती हौस नव्हती, एक गोष्ट पणाला लागलेली होती. पुढच्या वर्षी टीमकडे नवी गाडी येणार होती. तिच्यात एक जागा पगारी ड्रायव्हरला आणि दुसरी आम्हा दोघांपैकी एकाला. मालकानं सुरुवातीलाच सांगून टाकलं की ही जागा विकायची नाही, मी निवडणार, आणि शेवटची रेस झाल्यावर सांगणार. मला ती जागा हवी होती. यार्डाचा हिशोब बघत आणि भाडेकरूंचे नळ दुरुस्त करून घेत मला म्हातारं व्हायचं नव्हतं. दाजींकडे नोकरी होती, ताई होती, टॉवरमधून खाडी दिसणारी खिडकी होती. माझ्याकडे ही एकच गोष्ट होती.

आता आणखी एक भानगड समजून घ्या. आमच्या रेसमध्ये अर्ध्यावर ड्रायव्हर बदलतो, टायर बदलत नाहीत. म्हणजे दाजी कोऱ्या टायरवर निघणार, थंड ब्रेक, स्वच्छ काच, आणि माझ्या वाट्याला गाडी येणार ती टायर गुळगुळीत होत आलेली, ब्रेक दमलेले, सीट त्यांच्या घामानं ओली. मी त्याला उष्टं म्हणायचो. तोंडावर नाही, मनात.

चेन्नईच्या पहिल्या रेसला दाजींनी गाडी दुसऱ्या नंबरवर आणली. उतरले, मी बसलो, त्यांनी माझे पट्टे ओढले. त्यांची एक पद्धत होती, शेवटी खांद्याचा पट्टा करकचून ओढायचे आणि हेल्मेटवर दोन टपल्या मारायचे. शाळेत जाणाऱ्या पोराला मारतात तशा. मी गाडी पाचव्या नंबरवर नेली. मागचं चाक प्रत्येक वळणाला सुटत होतं, मी सावरत होतो आणि एकेक जण बाजूनं निघून जात होता. गावात पोरं मोबाईलवर बघत होती. मी परत आल्यावर नाक्यावर आमचे एक चुलते हसत हसत म्हणाले, "जावयानं कमावलं, पोरानं घालवलं." ते विसरूनही गेले असतील. मी नाही विसरलो.

आणि नाक्यावर फ्लेक्स लागला. दाजींचा फोटो डोक्याएवढा, हातात हेल्मेट, खाली 'आमचे लाडके जावई'. माझा फोटो खालच्या ओळीत, वाढदिवसाच्या शुभेच्छुकांच्या साईजचा. मी आमच्या फ्लेक्सवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुझ्या बाबांनीच असं सांगितलं होतं.

खारघरला दाजींच्या बेडरूममध्ये सिम्युलेटर होता. स्टीअरिंग, पेडल, तीन स्क्रीन, सगळा सेट. ते मला सरावाला बोलवायचे आणि मी जायचो, कारण जावयाला नाही कसं म्हणणार? मी बसलो की ते मागे उभे राहून सांगायचे, ब्रेक जरा लवकर सोड, गाडीला वळू दे. बरोबर सांगायचे हाच तर त्रास होता. चुकीचं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एकदा मी पोहे खात होतो तेव्हा ताई हळूच म्हणाली, "हे रेसवरून आले ना की दोन दिवस धड बोलत नाहीत." मला वाटलं, फुगून बसत असतील, स्टार ना ते. मी आणखी एक प्लेट मागितली.

कोइम्बतूरच्या रेसला मी एकच जागा गमावली. इंजिनियर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू जुन्या टायरवर चांगला चालवतोस. मला राग आला. एखाद्याला म्हणावं की तू भांडी छान घासतोस, तसलं कौतुक ते. त्याच्या पुढच्या रेसला दाजींनी गाडी तिसऱ्या नंबरवर दिली आणि मी ती तिसऱ्या नंबरवरच आणली. टायर साबणासारखे झाले होते. मी प्रत्येक वळणाला गाडीला गोंजारत, समजूत काढत आणली. बक्षीस घ्यायला आम्ही दोघं उभे राहिलो. मी घरी आलो, नाक्यावर नवा फ्लेक्स. दाजी परत डोक्याएवढे, मी परत खालच्या ओळीत.

तेव्हा मी ठरवलं. शेवटच्या रेसला पहिला मी बसणार. कोऱ्या टायरवर मी काय करू शकतो ते मालकानं बघितलंच पाहिजे. वर्षभर त्यानं मला उष्ट्या ताटावरच बघितलं होतं.

रेसच्या सकाळी बाबा पिटच्या मागे सावलीत इडली खात होते. मी त्यांना सांगितलं की आज मला आधी बसायचं आहे. ते म्हणाले, जावयाचं काय? आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुम्हाला जावईच मोठा. पोटचा पोरगा नाय दिसत तुम्हाला." आजूबाजूला मेकॅनिक होते, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असणार. ते सगळे एकदम कामाला लागले.

बाबांनी इडली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्यांच्या, ते मी बघितलं. मग फक्त म्हणाले, "तुला पयलं बसायचं हाय? बस." आणि हात धुवायला गेले.

दाजींना मीच सांगितलं. मला वाटलं तोंड पडेल, मान गेला म्हणून. तर त्यांचा चेहरा असा फुलला की मला कळेना. चालेल, चालेल, म्हणाले, आणि आधीच ठरल्यासारखे लगेच इंजिनियरकडे टायरबद्दल विचारायला गेले.

मी कोऱ्या टायरवर निघालो. काय सांगू तुम्हाला, चिकटून जात होती गाडी. वळणात टाकली की जिथे सांगितलं तिथेच. सहावा निघालेलो, पहिल्या फेरीत दोघांना मागे टाकलं. मग एकाशी झुंज लागली आणि मी सोडलं नाही, आतून-बाहेरून, प्रत्येक वळणाला ब्रेक उशिरा, चाकं किंचाळतायत, मी पण आत ओरडतोय. शेवटी तोही मागे गेला. तिसरा नंबर. वर्षभरात एवढा आनंद मला झाला नव्हता. रेडिओवर इंजिनियर सारखा सांगत होता, टायर जप, टायर जप. मला वाटलं, आज जपायचं काम माझं नाही.

पिटमध्ये आलो, उतरलो. दाजी आत बसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे पट्टे मी आवळले. वाकून, अर्धा आत जाऊन, त्यांचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. हात मात्र नीट चालले. टपली मारली नाही.

मग मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. मी खाल्लेले टायर घेऊन दाजी निघाले होते. मला मनापासून वाटत होतं की चाक सुटावं. घसरू नये, आपटू नये, एवढं नको, पण एक-दोन जागा जाव्यात, म्हणजे मालकाला कळेल की उष्ट्यावर जेवणं काय असतं. पहिल्या दोन फेऱ्या गाडी हलत होती, दिसत होतं. मग दाजींनी ती शांत केली. माझ्यासारखीच गोंजारत, ब्रेक लवकर सोडत, गाडीला वळू देत. इंजिनियर स्क्रीनला चिकटला होता. मालक खुर्चीवरून उठला. शेवटून दुसऱ्या फेरीला दाजींनी समोरच्याला गाठलं आणि एका लांब वळणावर बाहेरून काढलं. दुसरा नंबर. सीझनमधला आमचा सगळ्यात वरचा. झेंड्याखालून गाडी गेली तेव्हा मेकॅनिक मला उचलत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून दाजींना शिव्या घालत होतो. मनात.

बक्षीस घेऊन खाली उतरताना दाजी एकदम मोकळे झाले. म्हणाले, "खरं सांगू? वर्षभर तुझा हेवा वाटत होता मला. सुरुवात मी करायची आणि झेंडा घ्यायचा तू. मामांना कसं सांगणार?" आणि ते हसले, डोळ्यांत पाणी. मी पण हसलो. काय करणार? मला वाटलं, च्यायला, जळणं तेवढं माझं एकट्याचं होतं, त्यातही हे वाटेकरी निघाले.

मालकानं तासाभरातच सांगितलं. दोघांना एकत्र बोलावलं नाही, बाबांना बोलावलं, बाप म्हणून. मी बाहेर टायरच्या चळतीला टेकून उभा होतो. बाबा आले आणि माझ्या शेजारी त्या टायरवर बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

जागा दाजींना मिळाली होती.

मी विचारलं, काय म्हणाला? बाबांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. मालकाला असा ड्रायव्हर हवा होता जो दमलेली गाडी शेवटपर्यंत नेऊ शकतो. फास्ट पोरं खूप मिळतात, म्हणाला, गाडी आणून देणारी मिळत नाहीत. कालपर्यंत त्याचं माझ्यावर ठरलं होतं. आज त्यानं बघितलं की जावई ते पण करतो, आणि मी कोऱ्या टायरवर बसलो की टायर खाऊन टाकतो.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात, तसा मी स्वतःच्या पायानं गेलो होतो. तरी मी बाबांवरच उखडलो. म्हणालो, मग सकाळी ओठांवर आलं होतं ते बोलला का नाहीत?

"तू मला काय बोललास ते आठव," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "लग्नाला पयल्या पंगतीत कोन बसतं? पाहुने. घरचा मानूस शेवटी बसतो, सगल्यांचं झाल्यावर. जावय पाहुना हाय, म्हनून त्याला पयला बसवला, फोटो मोठा लावला. पन गाडी घरी कोनी आनायची? घरच्या पोरानं. तीच जागा देत होतो तुला वर्षभर."

समोर पिटमध्ये दाजी ताईला व्हिडिओ कॉल करून ट्रॉफी दाखवत होते. बाबा उठले, टोपी घातली आणि जावयाचं अभिनंदन करायला गेले, कारण ते करायलाच हवं होतं. मी तिथेच टेकून राहिलो. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला दाजींचाच हेवा वाटत होता. त्यांनी सबंध वर्षात बाबांकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.